आजीचं घर आवरताना

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या बऱ्याच जणींनी मागितलं, म्हणून इथं देत आहोत.)



मला विषय दिलाय ‘ज्येष्ठ महिला आणि आपला समूह’. विषय लई मोठा आहे आणि मला वेळ दिलाय जेवणाआधीचा. म्हणून मी त्यातली एकच गोष्ट घेते. घर आवरणं. दिवाळीला आपण आवरतो ते नाही. म्हातारपणी बाईचं घर लहान होतं, तेव्हा जी आवराआवर होते, तिच्याबद्दल बोलते.

आपल्या प्रभागात हे आत्ता घरोघरी चाललंय. कुणाला घरकुल मंजूर झालंय, जुनं घर पाडायचंय. घरकुलाचं घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. चार खणांच्या जुन्या घरातला पसारा त्यात कुठं मावणार? कुणाच्या घरात वाटण्या झाल्यात. कुणाची मुलं पुण्याला गेलीत आणि आई एकटी नको म्हणून तिला धाकट्याच्या एका खोलीत आणलंय. मी गावात फिरते तेव्हा लांबूनच कळतं. अंगणात ढीग पडलेला असतो. उतरंडीची मडकी, फाटकं सूप, मोडका पाळणा, उखळ, पत्र्याच्या पेट्या. सगळे घाईत असतात, टेम्पो भाड्यानं आणलेला असतो. आणि ज्या बाईनं हे सगळं पन्नास वर्षं सांभाळलं ती ओसरीच्या कोपऱ्यात बसलेली असते. तिला चहा देतात. तिला विचारत कुणी नाही.

यंदा अक्षय तृतीयेच्या आधी आमच्याच आजीचं घर आवरलं. मी चार दिवस रजा टाकून गेले होते. तेच सांगते. आजीला विचारूनच सांगतेय. ती म्हणाली, “सांग की, पण नाव नको घेऊ, लोक इचारत येतेत.”

आमचं गाव औसा तालुक्यात. आधार कार्डावर आजीचा जन्म १ जानेवारी १९५० आहे. (आपल्याकडं निम्म्या आज्या १ जानेवारीलाच जन्मल्यात, तुम्हाला माहितीये.) ती स्वतः काही तारखेनं बोलत नाही. तिचा हिशोब तीन खुणांचा. दुष्काळाच्या साली, भूकंपाच्या आधी, भूकंपानंतर.

इथं बसलेल्या तिशीच्या आतल्या मुलींनी भूकंप बघितलेला नाही, मीपण नाही. पण आपल्या भागात कुठल्याही म्हातारीचं घर आवरायला घेतलं की तो निघतोच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. तेव्हाची घरं दगडमातीच्या जाडजूड भिंतींची, वर माळवद. उन्हाळ्यात गार. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. वर्षानुवर्षं थरावर थर चढत गेला आणि त्या रात्री ते सगळं वजन खाली आलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्हे मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरी आजोबा, माझे वडील आणि काका अंगणात झोपले होते, आजी दाराजवळ. आत आजीची सासू होती आणि तिच्या कुशीत माझी धाकटी आत्या. ती सातवीला होती. त्या दोघी गेल्या.

त्यानंतर पत्र्याचं शेड, आणि मग नवीन गावात सरकारनं बांधून दिलेलं घर. सरळ रेषेत रस्ते, सारखी घरं. आजी म्हणते, घर मिळालं पण गल्ली हरवली. शेजार पार बदलून गेला. (जाता जाता सांगते. ज्या गावांत घरं पाडायची नव्हती, नुसती दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथं महिला मंडळातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढं आणलं होतं. सरकारी माहिती घरोघर सांगायची, बांधकामावर लक्ष ठेवायचं. आपल्या भागातल्या बायका अशा कामाला बाहेर पडल्या त्याला तीस वर्षं होऊन गेली. आज आपण या मांडवात बसलोय त्याच्या मागं तेही आहे.)

त्याच घरात आजी आजवर राहिली. आजोबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. गुडघे दुखतात, मागच्या पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरला, नशीब हाड मोडलं नाही. मग ठरलं की तिनं गावातच काकांच्या घरी यायचं. दहा बाय बाराची खोली, खिडकी रस्त्याकडं. आजीनं एकदा बघून घेतली आणि म्हणाली, “उजेड हाय. बास.”

आता जिचं सगळं घर एका रात्रीत मातीत गेलं, ती बाई नंतर काय करते? मला वाटायचं, तिला वस्तूंचं काही वाटत नसेल. उलटंच निघालं. एक सुतळी टाकलेली नव्हती. स्टीलचे बावीस डबे, त्यातले निम्मे रिकामे. अकरा वाकळा. मदत म्हणून आलेलं एक करड्या रंगाचं ब्लँकेट, घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेलं. कुणी पाठवलं होतं तेही तिला माहीत नाही.

पहिल्या दिवशी काकूनं मोडवाल्याला बोलावलं होतं. तांब्यापितळेची भांडी वजनावर मोडीत द्यायची आणि त्या पैशात आजीला चांगली लोखंडी कॉट आणि गादी घ्यायची. काकूचा विचार वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. पण भांडी अंगणात काढली आणि आजी उठून आली, ढिगाशेजारी बसली. पदरानं एकेक पुसायला लागली.

आपल्यात भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. ठिपक्याठिपक्यानं अक्षरं ठोकायची. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कुठलं गाव, कुठलं साल. आजीला वाचायला वेळ लागतो, पण भांडं हातात घेतलं की तिला वाचावं लागत नव्हतं. मी वही काढली आणि लिहायला बसले. एकेचाळीस भांडी झाली. आपल्या समूहाचं इतिवृत्त असतं ना, तसं आमच्या घरचं इतिवृत्त त्या पितळेवर होतं, आणि मोडवाला ते किलोवर मोजायला थांबला होता.

आणि आजीची मजा अशी, की ती जुनी आठवण सांगता सांगता मधेच आजची बातमी देते. परात उचलली. “ही तुज्या आत्याच्या लग्नातली, तिच्या मामेसासऱ्यानं आणलेली. आत्याच्या नातवाला दोन दात आले बघ, कडबोळं चावतंय.” घागर उचलली. “ही माज्या भावानं दिली. त्याच्या नातीचं जमलंय. पोरगं लातूरला ब्यांकेत हाय म्हणतेत, पण रोजंदारीवर हाय बरं का, कुणाला म्हणू नको.” आता मी तुम्हा एवढ्या जणींना सांगितलं. असो.

मोठा तांब्याचा हंडा हातात घेतल्यावर मात्र बातमी आली नाही. तो ७२ च्या दुष्काळात गहाण पडला होता. माझे वडील तेव्हा पोटात. आजी खडी फोडायला जायची. खायला मिलो, म्हणजे बाहेरच्या देशातून आलेली लाल ज्वारी, आणि लेकरांना सुकडी. तिनं दोन वर्षांनी हंडा सोडवला, तेही आजोबांना न सांगता, शेळी विकून. आजोबांना शेळी गेल्याचं कळलं, हंडा आल्याचं कळलं नाही, असं म्हणून ती एकटीच हसत बसली.

मग तिनं पुण्याच्या माझ्या चुलतबहिणीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. फोनसमोर एकेक भांडं धरून विचारायची, तुला पाहिजे का गं? बहीण म्हणाली, आजी तो हंडा पाठव, शोपीस म्हणून ठेवते. आजीनं मला विचारलं, शोपीस म्हंजी काय? मी म्हणाले, न वापरता नुसतं ठेवायचं. “मग मी बी शोपीसच की गं,” म्हणाली. हंडा मात्र दिला तिला. पुण्याला गेलाय.

त्या ढिगात कडीचा एक लहान पितळी डबा होता. एका बाजूनं चेपलेला. काकूनं तो मोडीच्या पोत्यात टाकला होता, तिला बिचारीला माहिती नव्हतं, ती लग्न होऊन आली भूकंपानंतर. आजीनं पोत्यात हात घालून तो काढला आणि कमरेशी खोचला. बोलली काही नाही. तो धाकट्या आत्याचा शाळेचा डबा होता, ढिगाऱ्यातनं निघालेला. मला माझ्या वडिलांनी संध्याकाळी सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी जुनी माणसं अशीच, काही टाकू देत नाहीत. तसं नाही ना! आम्हाला वाटलं, आजोबांचा मोठा फ्रेमचा फोटो तिच्या उशाशी लावायचा. ती म्हणाली, नको, ध्यानात हाय तेवढं पुरं, तुमच्या बैठकीत लावा. आजोबांची काठी तिनं शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकली. लग्नातला शालू काढला, सगळ्या सुना-नातींचे डोळे पाणावले, आणि आजी म्हणते, “जर टोचती त्याची. कुणाला पाहिजे त्यानं न्या.” स्टीलचे वीस डबे दिले. पण ताकाची रवी ठेवली. दारात म्हैस नाही, ताक घुसळून दहा वर्षं झाली, तरी रवी पाहिजे. मी कारण विचारलं नाही. जात्याचं काय करायचं यावर दोन तास चर्चा झाली, टेम्पोत घालायला चार माणसं लागणार होती. आजी म्हणाली, जातं जुन्या घराच्या अंगणातच राहू द्या, लग्नसराईत ज्याला हळद दळायची तो येईल. येतातही. वैशाखात तीन घरचे येऊन गेले.

म्हणजे तिला काय पाहिजे याचा अंदाज आम्हा कुणालाच नव्हता. तिलाच विचारावं लागलं. आणि विचारायला चार दिवस लागले. एका दिवसात टेम्पो भरला असता तर शालू खोलीत आला असता आणि डबा मोडीत गेला असता.

हे झालं भांड्यांचं. आता पेटीबद्दल सांगते, इथं जरा नीट ऐका, कारण हे प्रत्येकीच्या घरी आहे.

माळ्यावर पत्र्याची एक पेटी होती. वर लग्नपत्रिका, खाली गंजलेल्या टाचणीत अडकवलेले कागद. माझा भाऊ म्हणाला, रद्दी आहे, वाळवी लागलीय. मी म्हणाले, एकेक बघू. त्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. चौथी पास, शेरा ‘वर्तन चांगले’. त्या दाखल्यावर जात लिहिलेली आहे.

आपल्या लेकरांना जात पडताळणीला काय त्रास होतो, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. समिती जुना पुरावा मागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा, वडिलांकडच्या नातेवाइकाचा कागद मिळाला तर काम सोपं होतं. तो कागद असतो कुठं? अशाच पेटीत. म्हातारीचं घर आवरताना आपण जी रद्दी म्हणून देतो, तिच्यासाठी पुढं पोरगा शाळेच्या आणि तहसीलच्या चकरा मारतो. आणि आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हाचे काही कागद उर्दूत आहेत, काही मोडीत. वाचता येत नाही म्हणून फाडू नका. वाचणारा मिळतो.

दुसरा कागद निघाला भूकंपग्रस्ताचा दाखला. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत भूकंपग्रस्तांसाठी समांतर आरक्षण आहे. आमच्या घरात चार पोरं स्पर्धा परीक्षा देतात आणि दाखला वाळवी लागलेल्या पेटीत होता! आजीला तो कुठं आहे हे पहिल्यापासून माहीत होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिसरे दोन कागद म्हणजे मृत्यूचे दाखले, सासूचा आणि लेकीचा. ते आजीनं आपल्याकडं घेतले.

आता तिसरा दिवस. हे सांगू की नको असं मला वाटत होतं, पण आजी म्हणाली सांग.

माझे वडील आणि काका संध्याकाळी एक स्टॅम्प पेपर घेऊन आले. दोघंही चांगली माणसं आहेत, आईला जीव लावतात. घर अजून आजोबांच्याच नावावर होतं, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये. नऊ वर्षं कुणी वारस नोंद केली नव्हती. आता आई इकडं येतीय, तर एकदाच कागद करून टाकू म्हणून त्यांनी हक्कसोडपत्र लिहून आणलं होतं. आजी आणि मोठी आत्या आपापला हक्क सोडतात, घर दोघा भावांच्या नावावर होतं. पेन पुढं केला. आजीला सही येते, साक्षरता वर्गात शिकलीय. तिनं पेन घेतला आणि मला म्हणाली, “आधी वाच. मोठ्यानं.”

मी वाचलं. ‘आम्ही आमच्या स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय’ इथपर्यंत आले आणि तिनं हात वर केला. “स्वखुशीनं म्हंजी माज्या खुशीनं ना? मी कवा म्हणलं?”

कुणी बोलेना. चहा गार झाला.

मैत्रिणींनो, कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शीख या सगळ्यांना लागू आहे. नवऱ्यानं मृत्युपत्र केलं नसेल, तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर ती, सगळ्यांचा सारखा हिस्सा. आमच्या घरात चार हिस्से. आजीचा एक, वडिलांचा एक, काकांचा एक, आत्याचा एक. आपल्या समूहातल्या मुस्लिम बहिणींना नियम वेगळा आहे, नवऱ्याला मुलं असतील तर बायकोला आठवा हिस्सा. कमी असला तरी तो तिचा आहे. हक्कसोडपत्र कुणी करूच नये असं मी म्हणत नाही. पण ते दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं, आणि एकदा नोंदवलं की हक्क गेला. म्हणून आधी वाचून घ्यायचं. वाचायला येत नसेल तर घरच्या माणसाकडून नाही, समूहाच्या लेखापालाकडून वाचून घ्यायचं. आणि अंगावरचे दागिने, माहेरची भांडी, हे बाईचं स्वतःचं. ते घरात सामाईक आहे असं समजून कुणी मोडीत घालायचं नाही.

त्या रात्री काकू माझ्याशी जे बोलली तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. काकू म्हणाली, “तू शिकलेली, तुझं बरोबर असंल. पण अत्याबाईला न्हाऊ कोण घालणार? रात्री उठून बाथरूमला कोण नेणार? तुझी आत्या सणाला येणार आणि हिस्सा घेणार. आणि माझं नाव कुठंय? चार हिश्शांत मी कुठंच नाही.”

मला उत्तर देता आलं नाही, कारण तिचं खरं आहे. इथं बसलेल्या बहुतेक जणी काकूच्याच जागी आहात. सासूची सेवा करता आणि तुमचं नाव ना सासरच्या कागदावर, ना माहेरच्या. माहेरच्या कागदावर का नाही, ते तुम्हीच आठवा. तुम्हीपण कधीतरी भावासाठी ‘स्वखुशीने’ सही केली असेल. बऱ्याच जणींनी केलीय, मान हलतायत मला दिसतायत.

सकाळी आजीनं सगळ्यांना बोलावलं. तिनं जे ठरवलं ते तिनंच सांगितलं, मी काही शिकवलेलं नव्हतं. घराला चौघांची वारस नोंद करा. किल्ली माझ्याकडं राहील. घर भाड्यानं दिलं तर भाडं माझ्या पासबुकात. आणि काकूकडं बघून म्हणाली, “माजा जो हिस्सा हाय तो मी हिला लिहून देणार. पोराला न्हाई, हिला. भाकरी ती टाकती.”

कायद्यानं तिला ते करता येतं. स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र कुणाच्याही नावे करता येतं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. ती जिवंत आहे तोवर हिस्सा तिचाच राहतो, मन बदललं तर मृत्युपत्रही बदलता येतं. बक्षीसपत्राचं तसं नाही. बक्षीसपत्र केलं की मालकी लगेच जाते. तरीही करायचं असेल तर ‘मला सांभाळण्याच्या अटीवर देत आहे’ हे दस्तातच लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे. अशी अट असेल आणि पुढं सांभाळलं नाही, तर प्रांत कार्यालयात जे निर्वाह न्यायाधिकरण असतं, तिथं अर्ज करून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर फार अवघड जातं. जी मुलं सांभाळत नाहीत त्यांच्याकडून पोटगी मागायची सोयही त्याच कायद्यात आहे.

आमच्या घरी सगळं गोड झालं असं समजू नका. वारस नोंदीचा अर्ज दिलाय. मृत्युपत्र अजून झालेलं नाही. माझे वडील माझ्याशी महिनाभर तुटक बोलत होते, आता जरा बोलतात. आत्या हिस्सा घेणार की भावांना देणार, हे तिनं अजून सांगितलेलं नाही आणि तो तिचा प्रश्न आहे. आजी नव्या खोलीत रमलीय. खिडकीतनं रस्त्यावरच्या सगळ्या बातम्या तिला आधी कळतात. फोन केला की पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. कुणाची गाय व्याली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या पोराला दहावीत ८४ टक्के पडले. डबा उशाशी आहे, त्यात ती सुपारी ठेवते.

आता आपल्या कामाचं. पुढच्या महिन्यात प्रत्येक ग्रामसंघाच्या बैठकीत अर्धा तास याला द्यावा, अशी माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी यंदा घरकुलाचं बांधकाम किंवा वाटणी आहे, त्यांची नावं घ्या. घरकुल नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर होतं, विधवा असेल तर तिच्या एकटीच्या. मंजुरीच्या पत्रावर नाव बघून घ्या. घर पाडायच्या आधी पेटी उघडा, पण सासूबाईला शेजारी बसवून. एकेक कागद तिच्या हातात द्या आणि विचारा, हा कशाचा? मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नव्या घरात आधी न्या, टीव्हीच्या आधी. म्हातारी दुसऱ्या घरी राहायला गेली असेल तर रेशन कार्डात नाव कुठं आहे ते बघा. श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये येत असतील तर पासबुक तिच्याच पेटीत राहू द्या.

एका ताईनं मघाशी चिठ्ठी पाठवलीय, “सासू काहीच बोलत नाही, मग कसं विचारायचं?” ताई, भांड्यापासून सुरुवात करा. कागदापासून नको, कागद पुढं केला की म्हातारं माणूस घाबरतं. नाव घातलेलं एक भांडं हातात द्या आणि चहा ठेवा.

वारस नोंदीच्या अर्जाचा नमुना मी शंभर प्रती काढून आणलाय, मांडवाच्या बाहेर बँक सखीच्या टेबलावर ठेवलाय. ज्यांच्या घरी मोडीतले किंवा उर्दूतले कागद आहेत त्यांनी माझ्या वहीत गावाचं नाव लिहून द्या, वाचणाऱ्या माणसाला एकाच दिवशी बोलावता येईल. भात निवत चाललाय, असं स्वयंपाकवाल्या मावशी खुणावतायत. थांबते.